लेकराचे आजारपण ही आपली परीक्षा आहे का?



गेल्या महिन्यात रायपूरच्या आपल्या रविवारच्या सत्संगानंतर सगळे चपला शोधत होते, तेव्हा एक तरुण जोडपे माझ्यापाशी येऊन थांबले. वडिलांच्या कडेवर चार वर्षांची मुलगी होती. फ्रॉकखाली तिचा डावा गुडघा सुजलेला दिसत होता. काकांच्या मुलीलाही हेच झाले होते, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. मला वाटले, ते डॉक्टरांचे नाव विचारतील, औषध विचारतील. आईने विचारले, "काका, आमचं काय चुकलं?"

अकरा वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. त्या दोघांना तिथे उभ्याउभ्या जे बोललो ते अर्धवट राहिले, म्हणून हा पाठ लिहायला बसलो. यात आजाराची माहिती बरीच आहे, कारण ती नसली की आपली श्रद्धा भलत्याच वाटेला लागते. माझी एक मोठी चूकही यात आहे. ती वगळली असती तर लिहिणे सोपे गेले असते.

सकाळी लंगडणारी, दुपारी पळणारी

माझी मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. डिसेंबरचे दिवस. सकाळी उठली की पलंगावरून उतरायला तयार नसायची. उतरलीच तर भिंतीला धरून पाय ओढत चालायची. दहा-साडेदहा वाजले की हीच मुलगी अंगणात पळायला मोकळी. आम्ही म्हणायचो, बालवाडीत जायचे नसते म्हणून नाटक करते. "दुखतं" हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. एवढेच झाले की जिन्यापाशी आली की उचलून घे म्हणून ती हात वर करू लागली आणि घसरगुंडीवर चढणे तिने सोडून दिले. या वयाची मुले पुष्कळदा दुखण्याची तक्रार करत नाहीत, जे केल्याने दुखते ते करणे बंद करतात, हे मला फार उशिरा कळले.

मग एकदा ती झोपाळ्यावरून पडली आणि आमचे लक्ष गुडघ्याकडे गेले. सूज होती, हात लावला तर गरम लागत होता. पडल्यामुळे सूज आली असे आम्ही ठरवून टाकले. खरे पाहता सूज आधीची होती. गुडघा पुरता वळत नव्हता आणि म्हणूनच ती पडली होती. पण महिनाभर आम्ही झोपाळ्याला दोष देत राहिलो, आणि तो अंगणात बांधला म्हणून मी माझ्या वडिलांना.

पुढचे चार महिने तपासण्यांत गेले. छत्तीसगडमध्ये लहान मुलाचे सांधे दुखतात म्हटले की पहिली शंका सिकलसेलची येते आणि ती यायलाच हवी. हा रक्ताचा आजार आपल्या प्रदेशात खूप आहे. रायपुरात त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. आमच्या वेळी ती मोहीम नव्हती, पण रक्ताची तपासणी होती. तिच्यात काही निघाले नाही. मग क्षय नाही ना, सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना, रक्ताचा कर्करोग नाही ना. एकेक अहवाल येईपर्यंतच्या रात्रींबद्दल लिहीत नाही. ज्यांच्या घरी असे लिफाफे उघडले गेले आहेत त्यांना ते ठाऊक आहे.

शेवटी नाव मिळाले. जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे मुलांचा संधिवात. "अगं बाई, म्हाताऱ्यांचा आजार हिला कुठून?" असे माझी आई म्हणाली. पण हा म्हाताऱ्यांचा संधिवात नव्हे. उतारवयात सांध्याची झीज होते. इथे शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली आणि दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तर डॉक्टर हे नाव देतात. काही मुलांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरतात, काहींत पुष्कळ, काहींत रोज चढणारा ताप आणि अंगावर पुरळ येतो. १८९७ साली लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी अशा मुलांचे बारकाईने वर्णन करून दाखवले होते की मोठ्यांच्या संधिवाताहून हे वेगळे प्रकरण आहे. म्हणजे आजार नवा नाही, पण आपल्याकडे तो ओळखला जाणे दुर्मीळ. मुलांच्या सांध्यांचे तज्ज्ञ देशात मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. आज टाटीबंधला एम्स आहे, नागपूर रेल्वेने काही तासांवर आहे, तरी पहिली शंका घेणारा माणूस घराजवळचाच लागतो. बहुतेक वेळा ती आईच असते.

माझ्या मुलीचा एक गुडघा आणि एक घोटा धरला होता. एक गोष्ट ऐकून मी चकित झालो. सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे लहान मुलांत तो पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाढू शकतो. आजारी पाय लांब होतो! तिचा डावा पाय दीड सेंटीमीटरने लांब झाला होता, आणि आम्ही नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळत होतो.

कर्माचा सिद्धांत कोणासाठी आहे

निदान झाल्यावर पंधरा दिवसांनी माझी आत्या दुर्गहून भेटायला आली. आत्या मायाळू आहे, तिच्या हातचे खाऊन मी मोठा झालो. मुलीचा गुडघा चेपत ती माझ्या पत्नीला म्हणाली, "काही तरी मागचं देणं असेल गं. तू दिवसात असताना ग्रहण पाळलं होतंस का?" पत्नी काहीच बोलली नाही, आत जाऊन कुकर लावला. मीही बोललो नाही. आत्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो असे मी स्वतःला सांगितले. वास्तविक त्या घडीला मलाही तसेच वाटत होते, आणि दोष पत्नीकडे गेला तर माझ्याकडे येणार नव्हता.

साधकांच्या घरात हा प्रश्न सर्वांत खोल रुततो. आपण कर्मसिद्धांत मानतो. मग मुलाचे दुःख कोणाच्या खात्यावर लिहायचे?

समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तापत्रयाचे वर्णन केले आहे. सहाव्या समासात आध्यात्मिक ताप येतो आणि त्यात देहाला होणाऱ्या रोगांची लांबच लांब यादी आहे. त्या दुःखाचा संबंध समर्थ पूर्वपापाशीही जोडतात. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही, आपल्या ग्रंथांत ते आहे. पण तो समास कोणाला उद्देशून आहे ते पाहावे. श्रोत्याने स्वतःच्या देहाकडे पाहावे, त्याचा अभिमान सोडावा आणि परमार्थाला लागावे म्हणून तो सांगितला आहे. शेजाऱ्याच्या किंवा सुनेच्या दुःखाचे कारण शोधून तिच्या हातात देण्यासाठी तो नाही. कर्मसिद्धांत प्रथमपुरुषी वाचला तर माणूस नम्र होतो. तोच द्वितीयपुरुषी वाचला की आजारी मुलाच्या आईवर आरोपपत्र तयार होते. आणि चार वर्षांचे मूल तर तो कोणत्याच पुरुषात वाचू शकत नाही.

याच दासबोधाच्या बाराव्या दशकात एक पूर्ण समास यत्नाच्या शिकवणीचा आहे. करंटेपण सोडून प्रयत्नाला कसे लागावे हे समर्थ तिथे सांगतात. आपल्या रायपूरकरांना हा ग्रंथ परका नाही. पंडित माधवराव सप्रे इथेच राहिले, इथेच १९२६ साली वारले, आणि दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हे दोन्ही ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेले. सप्रे शाळेवरून जाताना मला नेहमी वाटते की तिसरा दशक वाचून थांबणारे पुष्कळ असतात, बाराव्यापर्यंत पोहोचणारे थोडे. त्या वर्षी मी तिसऱ्यातच अडकलो होतो.

डॉक्टरांनी दिलेल्या नावातही एक उत्तर होते. "इडिओपॅथिक" या शब्दाचा वैद्यकातला अर्थच असा की याचे कारण ज्ञात नाही. शरीराची काही अनुवंशिक घडण आणि बाहेरचे काही निमित्त यांचा मेळ होत असावा इतपत विज्ञान म्हणते. पडल्यामुळे हा आजार होत नाही. दही, ताक, आंबट खाल्ल्यामुळे होत नाही. आमच्या शेजारच्या काकींनी "बासी मत खिलाओ, वात बढ़ेगा" म्हणून मुलीचा आवडता बासी भात आणि दही दोन्ही बंद करायला लावले होते. या मुलांच्या हाडांना कॅल्शियम तर उलट जास्त हवे असते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून होत नाही, हे तर मी आत्याला त्याच दिवशी सांगायला हवे होते. सांगायला मला चार वर्षे लागली. आत्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि पत्नीला म्हणाली, "मला तेव्हाच का नाही गं बोललीस?"

चाळीस दिवस

आता माझी चूक.

उपचार सुरू झाले होते. भूल देऊन गुडघ्यात एक इंजेक्शन दिले होते आणि मेथोट्रेक्सेट नावाचे औषध आठवड्यातून एकदा सुरू होते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिले गेले तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून भिंतीवर लिहून ठेवावा. आमचा वार शनिवार. सोबत फॉलिक अॅसिड, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, आणि दर तीन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी. डोळ्यांची कशाला, असे मी विचारले होते. डॉक्टर म्हणाले, "या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. बाहेरून काही दिसत नाही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही सांगत नाही. यंत्रावर पाहिल्याशिवाय कळत नाही." लहान वयाच्या, थोडेच सांधे धरलेल्या मुलींमध्ये हा धोका सर्वांत जास्त असतो. मी मान हलवली आणि विसरलो.

चार महिन्यांत मुलगी सुधारली. सकाळचे लंगडणे गेले. मात्र शनिवार आला की घरात रडारड व्हायची. औषध पिवळे असते. ते पाहिले की तिला मळमळायचे, पुढेपुढे पिवळा रंग पाहिला तरी. वरणभातही नको म्हणायची. बापाच्या मनाला ते बघवत नव्हते. तेवढ्यात ओळखीच्या एका सज्जनांनी मला चाळीस दिवसांचे अनुष्ठान सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि ते आपल्या सत्संगाचेही नव्हते. "पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," ते म्हणाले. "औषधावर भरवसा ठेवायचा की देवावर, ते आधी ठरवा."

मी ठरवले. शनिवारचे औषध बंद केले. पत्नीने विरोध केला, तेव्हा मी तिला जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे: "तुझी श्रद्धाच कमी पडते." चार महिन्यांपूर्वी आत्याने तिच्यावर ठेवलेला दोष मी नव्या शब्दांत परत तिच्यावर ठेवला होता.

पहाटे चारला उठणे, एक वेळ जेवण, जप. पहिले पाच आठवडे मुलगी उत्तम होती. धावत होती, वरणभातही खाऊ लागली. चाळीस दिवस पुरे झाल्यावर मी सत्संगात उभा राहून हा अनुभव सांगितला. लोकांनी हात जोडले. एका माउलीने डोळे पुसले.

जे मला तेव्हा ठाऊक नव्हते ते इथे स्पष्ट लिहितो, कारण आज कोणी तरी याच वळणावर उभे असेल. हे औषध हळू काम करते. गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बंद केल्यावर आजार बहुधा लगेच उसळत नाही. दबलेली सूज परतायला काही आठवडे किंवा महिने जाऊ शकतात. शिवाय हा आजार स्वभावानेच कधी शांत तर कधी तीव्र असतो. त्यामुळे औषध थांबवून माणूस त्या काळात जे काही सुरू करील, मग ते अनुष्ठान असो, तेल असो की कोणाची पुडी असो, त्याचेच हे फळ असे वाटते. माझ्या चाळीस दिवसांत मुलीला सांभाळत होते ते आधीच्या चार महिन्यांचे पिवळे औषध. म्हणूनच आजार शांत झाल्यावरही डॉक्टर पुष्कळ महिने ते चालू ठेवतात.

सातव्या आठवड्यात ती सकाळी पुन्हा भिंतीला धरून उभी राहिली. मी जप वाढवला. याच सुमारास डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. मी म्हणालो, डोळे तर स्वच्छ आहेत, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच म्हणालो.

पत्नीने मला न विचारता एका मंगळवारी ऑटो केला आणि मुलीला घेऊन गेली. दुपारी फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "उजव्या डोळ्यात सूज आहे. बाहुली आतल्या भिंगाला चिकटायला लागली आहे. दर तासाला थेंब घालायचे आहेत. तुम्ही या."

मी गेलो. मुलगी बाकावर बसून बिस्किट खात होती. डोळा बाहेरून काचेसारखा स्वच्छ दिसत होता.

उपचाराने सूज आटोक्यात आली. शनिवारचे औषध परत सुरू झाले. आज तिची नजर चांगली आहे, पण उजवी बाहुली पूर्ण गोल नाही. एका बाजूला किंचित खेचलेली आहे, आणि मे महिन्यातल्या रायपूरच्या उन्हात ती तो डोळा बारीक करते. नीट पाहणाऱ्याला ते दिसते. मला रोज दिसते.

त्यानंतर मी गीतेचा सतरावा अध्याय पुन्हा वाचला. पूर्वी पाठ होता, वाचला असे तेव्हाच म्हणता येईल. शास्त्राने न सांगितलेले उग्र तप, दंभ आणि अहंकार यांच्या बळावर, शरीराला आणि आत बसलेल्या परमेश्वराला कष्ट देत जे करतात त्यांच्याबद्दल भगवंत फार कडक बोलतात. मूढ हट्टाने केलेल्या तपाला ते तामस म्हणतात. मी मुलीसाठी तप करतो आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात तिच्या आजाराची मी माझी परीक्षा केली होती. प्रश्नपत्रिका तिच्या गुडघ्यावर, उत्तरे मी लिहिणार, उत्तीर्णही मी होणार. हट्ट माझा आणि शरीर तिचे, अशी ती वाटणी होती. सत्संगात सगळ्यांनी हात जोडले तेव्हा मला जे सुख झाले ते कशाचे होते, हे मी आजवर अनेकदा तपासले आहे. ते मुलगी बरी झाल्याचे कमी होते, माझा जप फळल्याचे जास्त.

दोन महिन्यांनी मी त्याच सत्संगात उभा राहिलो आणि अनुभवाचा उरलेला अर्धा भाग सांगितला. या वेळी कोणी हात जोडले नाहीत. बराच वेळ कोणी काही बोललेच नाही. मग ज्येष्ठ साधक असलेले एक काका म्हणाले, "त्या दिवशी तुझं ऐकून ज्यांनी औषध थांबवलं असेल त्यांच्यापर्यंत हे पोचवायला हवं." आम्ही खरोखर यादी केली. त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाला फोन केले. एका घरी आजोबांनी मधुमेहाची गोळी सोडली होती.

मग साधना कुठे करायची

औषध औषधाच्या जागी ठेवल्यावर साधनेला काम उरत नाही असे नाही. उलट खरे काम तिथून सुरू झाले.

रोज सकाळी वीस मिनिटे तिचे गुडघे-घोटे गरम पाण्याने शेकायचे, मग व्यायाम. पाय सरळ करून दाबून धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. हे केले नाही तर गुडघा वाकलेलाच राहू लागतो आणि मांडीचे स्नायू सुकतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी दहा अंक मोजायला सांगितले होते. मी अंकांच्या जागी नाम घातले. दहा वेळा नाम होईपर्यंत पाय सरळ. वाटले, एका दगडात दोन पक्षी. महिनाभराने, पाच वर्षांची असेल, ती म्हणाली, "बाबा, देवाचं नाव घेतलं की दुखतं."

मी शेकायची पिशवी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोनाचा पाढा म्हणू लागलो. पुढे तिच्या आवडीची गाणी. नाम मी माझे माझ्याजवळ ठेवले. शेकताना मनात चालू असायचे, तिला ऐकू जाणार नाही असे. तिला कळलेही नाही, आणि ते वीस मिनिटांचे स्मरण माझ्या आसनावरच्या तासाभराहून खरे होते असे मला वाटते. पुढे नववीत गेल्यावर ती आपणहून सत्संगाला येऊ लागली. मी बोलावले नव्हते.

प्रार्थनाही बदलली. आधी मी मागायचो, हिला बरे कर. हे मागणे चूक नाही, कोणता बाप मागणार नाही? पण त्यात उद्याकडे डोळे लागलेले असत आणि आजची मुलगी नजरेतून सुटायची. सकाळी ती उठली की मी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता आधी गुडघ्याकडे बघायचो. एके दिवशी पत्नीच म्हणाली, "अहो, तिला तोंडही आहे." तेव्हापासून मी मागू लागलो की आज जे करायचे ते मला चिडचिड न करता करता यावे. हे त्याच दिवशी पडताळता येते, आणि बरेचदा मी नापास होतो. साडेसहाला गरम पाणी करायचे असते, मुलगी उठत नाही, ऑफिसला उशीर होतो, आणि आवाज चढतो.

मोठ्या मुलाविषयी लिहायला हवे. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. दीड-दोन वर्षे घरात सगळे बोलणे गुडघ्याचे. एकदा त्याने पोट दुखते म्हणून शाळा बुडवली, दुसऱ्यांदा बुडवली, तिसऱ्यांदा मी रागावलो तर म्हणाला, "मला पण रिपोर्ट काढायला न्या ना." त्यानंतर महिन्यातला एक रविवार फक्त त्याचा ठरवला. तेलीबांधा तलावाभोवती सायकल, मग गुपचूप. त्या वेळी मुलीचा विषय काढायचा नाही, असा त्यानेच नियम केला.

शाळेचे म्हणाल तर, दुसरीत असताना आजार पुन्हा उसळला आणि ती जवळजवळ अडीच महिने घरी होती. नातेवाईक वर्ष वाया जाणार म्हणून हळहळत होते. आपल्या गावात तरी याची हळहळ कशाला? १८७७ साली नरेंद्र नावाचा चौदा वर्षांचा मुलगा रायपुरात आला, तेव्हा इथे त्याच्याजोगी शाळाच नव्हती. वडील विश्वनाथबाबू त्याला घरीच शिकवीत, त्याच्याशी मोठ्या माणसासारखी चर्चा करीत. दोन वर्षे अशी गेली. ज्या बूढा तालाबाला आज त्याच स्वामी विवेकानंदांचे नाव आहे, तिथे मी मुलीला स्कूटरवरून संध्याकाळी नेत असे आणि आम्ही बाकावर बसून गणिते सोडवत असू. शाळेने पुढे तिचा वर्ग तळमजल्यावर ठेवला आणि दर तासाला दोन मिनिटे उभे राहून पाय मोकळे करायची परवानगी दिली. या मुलांना एका जागी फार वेळ बसले की सांधे आखडतात. एवढे बाईंना समजावून सांगितले की बहुतेक बाई ऐकतात, आम्हाला तरी तसा अनुभव आला. मनगटे धरलेल्या मुलांना लिहायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी परीक्षेतल्या जादा वेळेची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करावी.

काही बारीक गोष्टी आत्ता सुचतात तशा लिहितो. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसणे जमत नसेल तर खुर्ची आणावी, सवय मोडेल म्हणून मुलाला रडवू नये. देवघरासमोर मांडी घालता येत नसेल तर स्टूल चालते. देवाला चालते. हे औषध चालू असताना गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. साध्या औषधाने न भागल्यास बायोलॉजिक नावाची नवी, महाग इंजेक्शने असतात. ती सुरू करण्यापूर्वी दबलेला क्षय नाही ना हे तपासतात. आमच्यावर ती वेळ आली नाही. कोणी तेल, काढा, पथ्य सुचवले तर मी आता नाही म्हणत नाही, डॉक्टरांना दाखवतो. शनिवारचे औषध मात्र चर्चेचा विषय राहिला नाही.

आणि जप, व्रत, उपवास? करतो. उपवास माझे मी करतो आणि त्याच्या बदल्यात तिच्या गुडघ्याबद्दल काही मागत नाही. सुरुवातीला हे कोरडे वाटले होते. मागणेच नसेल तर कशासाठी करायचे, असा प्रश्न पडायचा. उत्तर अजून शब्दांत नाही. इतके म्हणू शकतो की मागणे गेल्यावर भीतीही बरीच गेली. माझे व्रत मोडले म्हणून तिचा सांधा सुजेल, अशी एक भीती मी वर्षभर बाळगून होतो, हे ती गेल्यावर कळले.

त्या तरुण जोडप्याला त्या रविवारी मी इतकेच म्हणालो होतो, "तुमचं काही चुकलेलं नाही. डोळे कधी तपासले?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सांध्याचे औषध सुरू होऊन सात आठवडे झाले होते, डोळ्यांची चिठ्ठी फाइलमध्ये तशीच होती. आईने ती तिथेच काढून माझ्या पत्नीला दाखवली. दोघी भिंतीशी बसून बराच वेळ बोलत राहिल्या, आम्ही दोघे बाप चपलांपाशी उभे होतो.

परवा त्या मुलीच्या आईचा फोन आला. दोन्ही डोळे स्वच्छ निघाले. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची आहे, आणि ती त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.